सहा कला

उस्ताद फरज आला होता तो पितळी चापाचे तीन सैल झालेले खिळे ठोकायला. तेवढंच काम होतं. मशिदीच्या अंगणातली ती दक्षिणोत्तर भिंत, तिच्यावर पुरुषभर उंचीचा चाप, चापावर अंशांच्या आणि अंशांच्याही तुकड्यांच्या केसाएवढ्या रेघा. भर दुपारी सूर्य डोक्यावर आला की वरच्या खुंटीची सावली त्या रेघांवर पडायची आणि मशिदीचा ज्योतिषी शेख यईश त्या दिवसाची सूर्याची उंची वहीत उतरवून घ्यायचा. एकतीस वर्षं. फरजने खिळे ठोकले, पितळ फडक्याने पुसलं, भिंतीच्या पायाशी साचलेला चुन्याचा पापुद्रा नखाने खरवडला आणि त्याखाली दडलेली ओळंब्याची जुनी खूण मोकळी केली. मग, कारागिरांचे हात जसे कुणाला न विचारता आपले आपण चालतात तसा, त्याने कमरेच्या पिशवीतून ओळंबा काढून वरच्या खुंटीला अडकवला. शिसं झुललं, थरथरलं, थांबलं. खुणेवर मात्र थांबलं नाही. खुणेपासून जवाच्या एका दाण्याएवढं डावीकडे थांबलं.

"भिंत खचलीय की हो, शेखसाहेब."

"वारा असेल," यईश म्हणाला.

फरजने बोट ओलं करून हवेत धरलं. "कुठला वारा? तुतीचं पान हलत नाहीये." तो गुडघ्यांवर बसला, एक डोळा मिटून दोरी आणि खूण निरखू लागला. "धरणीकंपानंतर पाहिलं होतंत ना तुम्ही? सगळं हलब शहर सांगतं."

"पाहिलं होतं."

"मग त्यानंतर खचली असणार. एकदा हादरलेली भिंत म्हणजे म्हातारीची कंबर. आज थोडी, उद्या थोडी."

यईशने मान डोलावली. आपण मान डोलावतो आहोत हे त्याला जरा लांबून, दुसऱ्याच कुणाचं पाहावं तसं दिसलं. जवाचा एक दाणा म्हणजे किती, हे मोजायला त्याला काही लावून पाहायची गरज नव्हती. सहा कला. एका अंशाच्या साठ, त्यातल्या सहा. ओळंबा खुंटीवर चढण्याआधीच हा आकडा त्याला ठाऊक होता. अकरा वर्षांपासून ठाऊक होता.

तो बाजारातून चालत निघाला. साबणवाल्यांच्या गल्लीत लॉरेलच्या तेलाचा उग्र हिरवा वास भरून राहिला होता, पिस्तेवाल्याने सवयीने सलाम केला, पाण्याची पखाल घेतलेला माणूस "सांभाळा, सांभाळा" करत गेला, आणि यईशला वाटलं, की या सगळ्यांच्या हिशेबी सहा कला म्हणजे काहीच नाही. आंबट सुमाकची चिमूटसुद्धा तराजूत याहून जास्त चुकते. पण आकाशात सहा कला चुकल्या की वसंतातला तो एक दिवस, जेव्हा दिवस आणि रात्र सारखी होतात, सहा तास अलीकडे येतो. शहराचा अक्षांश बदलतो. अकरा वर्षांपूर्वीच्या, धरणीकंपाच्या सफर महिन्यापासून त्याच्या वहीत हलब शहर सहा कला दक्षिणेला सरकलं होतं, किल्ल्यासकट, हमामांसकट, पिस्त्याच्या बागांसकट. आणि शहर काही चालत जात नाही. आधी तो स्वतःशी म्हणाला, डोळे म्हातारे झाले. वैद्याकडून सुरमा आणला, सकाळ-संध्याकाळ घातला. पण डोळे हळूहळू मंदावतात. एका महिन्यात, एकदम, नेमक्या सहा कलांनी मंदावणारे डोळे कुणी पाहिलेत? त्याने हा प्रश्न कधी पुरता विचारलाच नाही. विद्यार्थ्यांना तो दर वर्षी सांगायचा, माणसावर विश्वास ठेवू नका, ओळंब्यावर ठेवा, आठवड्यातून एकदा ओळंबा लावा. आणि स्वतः त्या भिंतीला अकरा वर्षांत त्याने एकदाही ओळंबा लावला नव्हता. कुणी लावायला गेलं तर म्हणायचा, राहू दे, मी पाहिलंय. धरणीकंपानंतर गवंड्याने भिंतीला चुना दिला, तो खुणेवरूनही फिरला, तेव्हा यईश शेजारी उभा होता. त्याने हात वर केला होता, थांब म्हणायला. मग तो हात त्याने दाढीवरून फिरवला.

धरणीकंपाच्या दिवशी सकाळीच, उन्हं अजून अंगणाच्या कोपऱ्यात असताना, जमीन हलली होती. आधी आवाज आला, दगडांनी भरलेले गाडे एकामागून एक जावेत तसा, मग हौदातलं पाणी एका बाजूला उभं राहिलं आणि सांडलं. यईश चापापासून दहा पावलांवर होता. मीनाराचा कठडा कोसळला, धूळ उठली, धुळीत कुणीतरी कलमा म्हणत होतं. सगळं थांबलं तेव्हा भिंत उभी होती. हे त्याने पाहिलं, तेवढंच पाहिलं, आणि तो पळाला. वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, पागोटं कुठे पडलं त्याचं भान नाही, एका पायात जोडा नाही, बाब-अल-नस्र वेशीच्या बाजूने ढिगाऱ्यांवरून, कुत्र्यांमधून, हाका मारणाऱ्या बायकांमधून तो घरी पळाला. घराच्या दाराची तुळई खाली आली होती. तिच्याखाली नाइला होती. त्याची बायको.

पुढच्या जुम्याला, तिला पुरून चार दिवस झाले होते, तो पुन्हा मशिदीत आला. त्याने वही उघडली. चार दिवसांच्या चार जागा रिकाम्या होत्या. त्याने पहिल्या जागी लिहिलं: धरणीकंप झाला. लगेच ओळंबा लावून पाहिला, भिंत सरळ आहे. अक्षर चांगलं आलं होतं. इमाम मुहन्ना मागून वाचत होते ते त्याला कळलं नाही, त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अल्ला तुमच्यासारखी निष्ठा सगळ्यांना देवो." संध्याकाळपर्यंत ती गोष्ट गल्लीत गेली होती आणि आठवड्याभरात शहरभर. जमीन फाटत होती, बायको घरात होती, तरी शेखने आधी ओळंबा लावला. कुणी कौतुकाने सांगायचं, कुणी कानाला हात लावून. पण सांगायचे सगळे. दोन वर्षांनी त्याला विद्वानांच्या मोठ्या मंडळीत बोलावलं, विद्यार्थी वाढले, मोसुलहून पत्रं येऊ लागली. या गोष्टीत एक माणूस होता जो खुद्द यईशपेक्षा उंच होता, थंड होता, आणि हळूहळू यईश त्याच्या पागोट्याखाली राहू लागला.

त्याची मुलगी मैमूना तेव्हा चौदा वर्षांची होती. त्या दिवशी ती मावशीकडे गेली होती म्हणून वाचली. गोष्ट तिनेही ऐकली, मावशीच्या शेजारणीच्या तोंडून, आईच्या चाळिसाव्या दिवसाच्या आत. तिने बापाला काही विचारलं नाही. दोन वर्षं तिने त्याच्या हातचा घास किंवा पाण्याचा पेला घेतला नाही, आणि मग घेऊ लागली, तेही काही न बोलता. तिचं लग्न हातिम साबणवाल्याशी झालं, भला माणूस, मोठ्याने हसणारा. आकडेमोड तिला लहानपणापासून बापाहून बरी यायची; दर गुरुवारी ती हिशेबाचे कागद घेऊन जायची आणि पुढच्या गुरुवारी पुरे करून आणायची. एकतीस वर्षांच्या नोंदींवरून केलेली कोष्टकं आता पुरी होत आली होती. काहिराच्या एका मदरशाने ती मागवली होती. पुढच्या महिन्यात निघणाऱ्या काफिल्याबरोबर ग्रंथ जायचा होता.

दोन दिवसांनी फरज स्वतःच दारात आला. बसला नाही, चौकटीला टेकून उभा राहिला. "मी रात्रभर विचार केला, शेखसाहेब. माझ्यावर टाका. खिळे सैल होते म्हणा, चाप सरकला म्हणा. तांबटाची चूक कुणाला खटकत नाही. आम्ही चुकायलाच जन्माला आलोय."

"तुम्ही असं का करता?"

"लोक मुलांना तुमची गोष्ट सांगतात. माझ्या थोरल्याला मीच सांगितली. काम सोडून दुपारचा झोपायचा हो तो."

यईशला हसू आलं. हे सोपं होतं. चाप सरकला, सहा कला वजा करा, संपलं. किंवा फरज आधी म्हणाला होता ते: आज थोडी, उद्या थोडी. पण मग कुठल्या वर्षी किती वजा करायचं हे कुणालाच सांगता आलं नसतं, आणि अकराच्या अकरा वर्षं पाण्यात गेली असती. आकडे मात्र स्पष्ट बोलत होते. भिंत एकदाच खचली होती, एका सकाळी, आणि सगळी वर्षं वाचवायची तर ती सकाळ जशी होती तशी सांगायला हवी होती. शेवटी तो म्हणाला, "उस्ताद, तुमच्या खिळ्यांना काही झालं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वीही नव्हतं." फरजने त्याच्याकडे पाहिलं. किती कळलं कोण जाणे. तो सलाम करून गेला.

गुरुवारी यईश मैमूनाची वाट पाहत बसला नाही, तिच्या घरी गेला. दुपार कलत होती. अंगणात सुकायला ठेवलेल्या जर्दाळूंवर जाळी टाकली होती. ओसरीवर गालिचा टाकून ती शेवटच्या प्रकरणाची स्वच्छ नक्कल करत होती, बोटांना शाई, आणि शेजारी मांडलेल्या अक्रोडांना हात लावलेला नव्हता. तिने उठून जागा केली, उशी दिली. नेहमीसारखं सगळं.

"भिंत खचलीय," तो म्हणाला. "सहा कला."

"मला माहीत आहे." तिने टाक खाली ठेवला नाही. "त्या सफरपासून सगळ्या उंच्या सहाने चढल्यात. मला दहा वर्षांपासून माहीत आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"वहीत लिहिलंय ना. ओळंबा लावला, भिंत सरळ आहे." ती ओळ तिने पाठ म्हटल्यासारखी म्हटली. "आईला टाकून तुम्ही जे पाहायला थांबलात, तेच चुकीचं पाहिलंत, असं मी तुम्हाला कसं सांगायचं? मला वाटलं, निदान तेवढं तरी तुमच्याकडे राहू दे."

यईशने जाळीखालच्या जर्दाळूंकडे पाहिलं. एक माशी आत शिरली होती आणि तिला वाट सापडत नव्हती. तो एखादं कोष्टक वाचून दाखवावं तशा आवाजात म्हणाला, "मी थांबलो नव्हतो. ओळंबा लावलाच नाही. जमीन थांबली तसा मी घरी पळालो, सरळ. ते चार दिवसांनी लिहिलं."

टाकातून शाईचा थेंब कागदावर पडला. मैमूनाने तो टिपला नाही. तो पसरत गेला, एका आकड्यावर, मग शेजारच्या आकड्यावर. तिने टाक उचलून पाण्याच्या वाटीत बुडवला, धुतला, फडक्याने पुसला, कलमदानात ठेवला, कलमदानाचं झाकण लावलं. हे सगळं तिने फार सावकाश केलं.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"हो."

"मी चौदा वर्षांची होते. मला वाटलं, माझ्या बापाला बायकोपेक्षा भिंत प्यारी. रोज हेच वाटत मोठी झाले मी. निकाहाच्या दिवशी तुम्ही माझा हात त्यांच्या हातात दिलात तेव्हाही माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. तुम्ही समोर होतात. दर गुरुवारी समोर होतात. एका वाक्याचं काम होतं."

"ते वाक्य बोललो असतो तर नोंद खोटी ठरली असती. मग कोष्टकं..."

"मग खरंच तुम्हाला भिंत प्यारी होती की." तिचा आवाज चढला नाही. "त्या दिवशी नव्हती. नंतर झाली. तुम्ही जा आता, बाबा. आज जा."

बाहेर हातिम दारातच भेटला, "अहो बसा की, कोकरू शिजतंय," म्हणाला, आणि सासऱ्याचा चेहरा पाहून बाजूला झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने इमाम मुहन्नांना सांगितलं. ते आता फार थकले होते, एका कानाने कमी ऐकत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नमाजाच्या वेळा चुकल्या का?"

"नाही. मध्यान्ह तीच राहते. भिंत लांबीच्या दिशेने खचलीय."

"रोजे?"

"नाही."

"मग कुणाला सांगताय? मला सांगितलंत, झालं. लोकांकडून एवढी चांगली गोष्ट का काढून घेता? त्यांच्याकडे फार नसतात."

यईशने त्याच संध्याकाळी ग्रंथाच्या प्रस्तावनेत चार ओळी घातल्या. धरणीकंपाच्या दिवशीची आपली नोंद खोटी आहे. त्या दिवशी भिंत पाहिली नाही, लेखक घरी गेला होता. भिंत त्याच वेळी सहा कला खचली असं आधीच्या आणि नंतरच्या उंच्यांवरून दिसतं. वाचणाऱ्याने पुढच्या सर्व उंच्यांतून तेवढं वजा करावं. जुम्याच्या धड्याला त्याने त्या ओळी स्वतः वाचून दाखवल्या. पुढच्या जुम्याला अर्धी माणसं आली, त्याच्या पुढच्या जुम्याला सात. बाहेर पडताना मागून कुणीतरी, त्याला ऐकू जाईल इतकंच हळू, म्हणालं, "भिंत वाकडी असते, चालायचंच. शेख तरी सरळ हवा होता." त्यावर दोघे-तिघे हसले. यईशला राग आला नाही. त्याला नवल वाटलं ते आपल्याला हलकं वाटत नाही याचं. त्याने ऐकलं होतं की खरं बोलल्यावर माणसाच्या छातीवरचा दगड उतरतो. तसं काही झालं नाही. दगड होता तिथेच होता. फक्त आता त्याच्यावर ऊन पडत होतं आणि त्याचे कंगोरे दिसत होते. तो रोज दुपारी चापापुढे उभा राहायचा, आधी ओळंबा लावायचा, मग उंची लिहायचा. गुरुवार आले आणि गेले. मैमूना आली नाही, त्याने निरोप धाडला नाही. जेवणं त्याची शेजारून येत, ती तो अर्धी खाई, आणि कधी हात धुताना मध्येच थांबून त्याला आठवायचं की नाइला मसुरीच्या आमटीत लिंबू पिळताना नेहमी एक डोळा मिटायची, जणू थेंब तिच्याच डोळ्यात उडणार आहे. गेल्या अकरा वर्षांत हे त्याला कधी आठवलं नव्हतं. त्या दुसऱ्या, उंच माणसाला बायकोची असली आठवण कुठून येणार.

काफिला निघायला पाच दिवस होते तेव्हा मैमूना आली. सकाळ होती. ती बुरखा काढून समोर बसली आणि तिने कागदांचा गठ्ठा गालिच्यावर ठेवला. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती.

"अकराही वर्षं पुन्हा मांडली," ती म्हणाली. "प्रत्येक उंचीतून सहा वजा. दोन ठिकाणी तुमचीच जुनी चूक होती, तीही काढलीय. हलब आपल्या जागी आलं. वसंताचा दिवसही आला."

यईशने पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. चार हजारांच्या वर नोंदी. "एकटीने केलंस?"

"तुमचे जावई वाळूच्या पाटीवर बेरजा करत होते. निम्म्या चुकवल्या." ती हसली नाही, पण आवाज थोडा सैल झाला. मग तो पुन्हा आवळला. "मला एक विचारायचंय. इतके दिवस बेरजा करताना तेच डोक्यात होतं. तुम्ही सरळ घरी आलात म्हणजे लवकर पोचलात."

"हो."

"ती जिवंत होती?"

"होती."

मैमूनाने डोळे मिटले. इतकी वर्षं तिची आई तिच्या मनात एकटी मेली होती, धुळीत, हाका मारत. आणि बाप त्या वेळी दुसरीकडे एका दोरीकडे बघत होता. "किती वेळ?" तिने विचारलं.

आयुष्यभर वेळ मोजत आलेल्या त्या माणसाने मान हलवली. "ठाऊक नाही. मोजला नाही मी."

"बोलली काही?"

बाहेर कुणीतरी गाढव हाकत गेलं, त्याच्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला. यईश थांबला तो आवाज संपेपर्यंत. हे त्याने कुणालाही सांगितलं नव्हतं, इमामांना नाही, प्रस्तावनेत नाही. तुळई छातीवर होती, चेहरा मोकळा होता. केसांत चुना. त्याने तुळई उचलायचा प्रयत्न केला, ती हलली नाही, मग तो तिच्या डोक्याशी बसला आणि तिचे गाल पुसू लागला. "तिने मला विचारलं, अहो, भिंत पाहिलीत का? तुमची भिंत? मी म्हणालो, पाहिली. ओळंबा लावला. सरळ आहे. ती म्हणाली, बरं झालं. वीस वर्षं... एवढंच म्हणाली. पुढचं नाही बोलली." त्याने हात मांडीवर उलटे ठेवले. "चार दिवसांनी वहीत दुसरं काही लिहायला हात धजला नाही. पहिल्यांदा तेवढंच होतं त्यात. बाकीचं सगळं, ती वाहवा आणि ते, नंतर आलं. मी येऊ दिलं."

ऊन उंबऱ्यावरून आत सरकलं. मैमूनाच्या बोटांवर अजून शाई होती, अंगठ्याने ती घासत होती, निघत नव्हती.

"आणि माझं?" ती शेवटी म्हणाली. चौदा वर्षांच्या मुलीचा आवाज होता तो. "माझं काही विचारलं नाही?"

"आधी तुझंच विचारलं. मैमूना कुठाय म्हणाली. मी म्हणालो, मावशीकडे आहे, सुखरूप आहे, मी पाहून आलो." यईशने तिच्याकडे पाहिलं. "तेही पाहिलं नव्हतं मी. ते खरं निघालं."